एक वर्ष जपानमध्ये: जपानी भाषेच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीचा आढावा

पदवीच्या मधल्या एका वर्षात जपानला जायचं, तिथल्या विद्यापीठात जपानी शिकायचं आणि परत येऊन आपली पदवी पुरी करायची, ही वाट पुण्यात चांगली रुळलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, पुसद, दारव्हा किंवा घाटंजीच्या घरात हा विषय निघाला, की प्रश्नांचा रोख वेगळा असतो. खर्च किती येईल? वर्ष वाया तर जाणार नाही? परत आल्यावर नोकरी लागेल का? आणि पोरगी असेल तर परक्या देशात एकटी राहील कशी? हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं देताना शिक्षक, संशोधक, नोकरी देणारे आणि पालक यांचं एकमत होत नाही. म्हणून या वादात कोण काय म्हणतं, त्यामागे आधार काय आणि कुठले मुद्दे अजून सुटलेले नाहीत, हे यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या बाजूने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

१. मागची शंभर वर्षं

महाराष्ट्राने जपानकडे विद्येसाठी पाहायला सुरुवात केली ती १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवल्यानंतर. त्या काळी भाषा हे साधन होतं, उद्दिष्ट होतं उद्योग आणि स्वराज्य. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची उभारणी १९०८ च्या सुमारास झाली. तिथे काम पाहणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानमध्ये काचकाम शिकून आलेले होते. विदर्भापुरतं बोलायचं तर वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे अमेरिकेला पोचण्याआधी काही काळ जपानमध्ये राहिले. पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नाव कमावलं. महर्षी कर्वे स्वतः शिकायला जपानला गेले नाहीत, पण तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ उभं राहिलं. जपानचा मराठी शिक्षणावरचा हा ठसा आजवर टिकलेला आहे.

भाषेसाठी भाषा शिकण्याचा टप्पा पुष्कळ नंतरचा. पुण्यात १९७० च्या दशकापासून जपानीचे वर्ग भरू लागले. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांनी प्रमाणपत्रापासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतच्या पायऱ्या बांधल्या. जपानमधलं ओकायामा शहर आणि पुणे यांच्या मैत्रीतून सिंहगड रस्त्यावर बाग झाली. जपानी कंपन्या चाकण, रांजणगाव आणि सुप्याला आल्या, तेव्हा दुभाष्यांना कामं मिळू लागली.

विदर्भाचा जपानशी संबंध मात्र वेगळ्या वाटेने आला, तो धम्माच्या. मूळचे जपानी असलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई १९६० च्या दशकापासून नागपुरात आहेत. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार जपानी सहकार्यातून १९९९ मध्ये उभं राहिलं. महाराष्ट्र आणि वाकायामा प्रांत यांच्यात २०१३ मध्ये करार झाला. २०१५ मध्ये तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राला जपान कारखान्यांतून भेटला आणि विदर्भाला विहारांतून. विद्यापीठीय देवाणघेवाण मात्र कारखान्यांच्या बाजूलाच वाढली.

या देवाणघेवाणीच्या वाटेने गेलेल्यांपैकी सर्वांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक. पुण्यात जपानी शिकत असताना ते विद्यार्थी म्हणून जपानला गेले, पुढे नोकरीसाठी तिथेच स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये त्यांनी नागरिकत्व घेतलं. २०१९ मध्ये ते तोक्योच्या एदोगावा विभागाच्या सभागृहात निवडून आले. नंतर त्यांनी इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचं मुख्याध्यापकपदही सांभाळलं. विद्यार्थी म्हणून घालवलेला काळ माणसाला कुठवर नेऊ शकतो, याचं हे उदाहरण आहे. मात्र प्रत्येकाचं असंच होतं, असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

२. आजची व्यवस्था

सध्या भारतातून या कामासाठी जाण्याचे प्रमुख मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग जपान सरकारच्या शिष्यवृत्तीचा. १९५४ पासून सुरू असलेल्या या योजनेत जपानी भाषा व संस्कृती शिकणाऱ्यांसाठी एक वर्षाचा स्वतंत्र गट आहे. दरमहा १,१७,००० येन, विमानाचं तिकीट आणि फीमाफी असं त्याचं स्वरूप आहे. अट अशी, की विद्यार्थी जपानबाहेरच्या विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हाच मुख्य विषय घेऊन पदवी करत असला पाहिजे आणि वर्ष संपल्यावर त्याने परत येऊन ती पुरी केली पाहिजे.

दुसरा मार्ग विद्यापीठा-विद्यापीठांतल्या करारांचा. विद्यार्थी फी आपल्याच विद्यापीठात भरतो आणि जपानमधलं विद्यापीठ त्याच्याकडून फी घेत नाही. राहण्या-जेवण्याचा खर्च त्याचा स्वतःचा. काहींना जपानच्या विद्यार्थी-साहाय्य संस्थेकडून दरमहा ८०,००० येन मिळतात, म्हणजे अलीकडच्या दराने साधारण ४५ ते ५० हजार रुपये. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं.

जपानी सरकारलाही परदेशी विद्यार्थी हवे आहेत. १९८३ मध्ये एक लाखाचं उद्दिष्ट ठरलं, ते २००३ मध्ये गाठलं. २००८ मध्ये तीन लाखांचं ठरलं, ते २०१९ मध्ये पुरं झालं. आता २०३३ पर्यंत चार लाखांचं लक्ष्य आहे. २०२४ मध्ये तिथे ३ लाख ३६ हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी होते. संख्येत चीन पहिला आणि चिमुकला नेपाळ दुसरा. भारताचे विद्यार्थी दोन हजारही नव्हते. दुसरीकडे, जपान फाउंडेशनच्या २०१८ च्या पाहणीनुसार भारतात जपानी शिकणारे ३८ हजारांच्या आसपास होते. या दोन आकड्यांमधली दरी पाहिली, की भारतात जपानी शिकणारे बहुतेक जण जपानचं विद्यापीठ न पाहताच शिकतात, हे स्पष्ट होतं. त्यांना तिथे जाण्याची खरोखर गरज आहे का, इथून वादाला तोंड फुटतं.

३. पहिली बाजू: गेल्याशिवाय भाषा येत नाही

अनेक अनुभवी शिक्षकांचं म्हणणं असं, की मराठी माणसाला जपानी व्याकरण लवकर उमगतं, म्हणूनच त्याची फसगत होते. ‘मी उद्या शाळेत जाणार’ हे वाक्य जपानीत ‘वाताशि वा आशिता गाक्को नि इकिमासु’ असं होतं. कर्ता, काळ, ठिकाण, त्यामागे विभक्तीसारखा प्रत्यय आणि शेवटी क्रियापद, सगळी मांडणी आपल्यासारखीच. पहिल्या सहा महिन्यांत विद्यार्थी झपाट्याने पुढे जातो. नंतर मात्र ऐकणं, बोलण्यातला आदर आणि न बोलता सुचवलेलं समजणं, या गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत.

त्याचा प्रत्यय पहिल्याच आठवड्यात येतो. राहण्याचं ठिकाण ठरल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालावं लागतं. आपल्याकडच्या पुष्कळ पासपोर्टांवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव येतं. ती सगळी माळ तिथल्या रहिवासी कार्डावर जशीच्या तशी उतरते आणि बँकेतल्या अर्जाच्या चौकटीत मावत नाही. मग हे नाव परकीय शब्दांसाठीच्या काताकाना लिपीत लिहायचं. त्या लिपीत ‘ळ’ नाही, ‘त’ आणि ‘ट’ यांत भेद नाही, त्यामुळे यवतमाळचं ‘यावातोमारु’ होतं. खिडकीपलीकडची कर्मचारी अत्यंत अदबीच्या जपानीत हे सगळं समजावत असते. वर्गात शिकलेली ‘देसु-मासु’ची साधी सभ्य भाषा तिथे अपुरी पडते. तासभर त्या खिडकीशी उभं राहिलेला विद्यार्थी जे शिकतो ते वर्गात शिकवता येत नाही, असं या बाजूचं ठाम मत आहे.

संशोधनाचाही याला काही आधार आहे. नोरिको इवासाकी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपानला जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांचं जाण्यापूर्वीचं आणि परतल्यानंतरचं बोलणं तपासलं. आदराची आणि सलगीची रूपं प्रसंग पाहून बदलणं, एकाच संभाषणात एकीकडून दुसरीकडे सहज जाणं, ही समज जपानमध्ये राहून वाढते असं त्यातून दिसलं. अर्थात ती सर्वांची सारख्या गतीने वाढत नाही.

४. दुसरी बाजू: पाया इथेच घालावा लागतो

दुसऱ्या बाजूचे लोक जाण्याला विरोध करत नाहीत. त्यांचा आक्षेप घाईने जाण्याला आहे. परदेशी पाऊल ठेवलं की भाषा आपोआप अंगात मुरते, ही समजूत त्यांना मान्य नाही. बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्युई यांनी २००४ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. फ्रान्सला गेलेल्यांपेक्षा मायदेशीच पूर्ण फ्रेंच वातावरणात राहिलेल्या विद्यार्थ्यांनी ओघवत्या बोलण्यात अधिक प्रगती केली. कारण सरळ होतं. मायदेशीच्या गटाने दिवसभरात फ्रेंच अधिक वापरली, परदेशी गेलेल्या गटाने इंग्रजी. त्याच वर्षी ड्युई यांनी जपानी वाचनाचा असाच अभ्यास केला. तिथेही दोन गटांच्या वाचनक्षमतेत मोठा फरक आढळला नाही, फरक होता तो आत्मविश्वासात.

जपानमधल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात हेच घडतं. खोलीतला सोबती व्हिएतनामचा, शेजारचा जर्मनीचा, स्वयंपाकघरात गप्पा इंग्रजीत. जपानी कच्ची असली, की विद्यार्थी याच वर्तुळात वर्षभर राहतो. रविवारी नातेवाइकांशी मराठीत बोलतो, मोबाइलवर हिंदी सिनेमा पाहतो आणि वर्ष संपतं. शिवाय कांजीचा, म्हणजे चिनी चित्राक्षरांचा, डोंगर कुठेही राहिलं तरी बसूनच चढावा लागतो. नित्य वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजी आहेत. त्या पाठ करायला तोक्यो आणि उमरखेड सारखंच.

म्हणून अनेक शिक्षक एक व्यवहारी रेषा आखतात. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन५ ते एन१ अशा पाच पायऱ्या आहेत. त्यांतल्या एन३ च्या आसपास पोचल्यावर जावं, म्हणजे तिथलं बोलणं कानावरून नुसतं निसटून जात नाही. एन५ च्या बळावर गेलेल्याचे पहिले सहा महिने इथे शिकता आलं असतं तेच शिकण्यात जातात.

५. तिसरी बाजू: शिक्षण की थेट रोजगार

गेल्या काही वर्षांत वादात तिसरा सूर मिसळला आहे. जपानची लोकसंख्या घटते आहे आणि माणसांची गरज वाढते आहे. २०१९ मध्ये जपानने विशिष्ट कौशल्यधारक कामगारांसाठी नवा व्हिसा आणला. जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत करार झाला. वृद्धसेवा, शेती, अन्नप्रक्रिया, बांधकाम अशा क्षेत्रांत एन४ किंवा तत्सम भाषापरीक्षा आणि कौशल्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला पाच वर्षांपर्यंत काम मिळू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या येण्या-जाण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यांत भारतातून ५० हजार कुशल मनुष्यबळ जायचं आहे.

या बाजूचं म्हणणं असं, की पोटाची चिंता असलेल्या घरातल्या मुलाने वर्षभर पदरचे पैसे घालून भाषा शिकण्यापेक्षा पगार घेत शिकावं. याला उत्तर असं दिलं जातं, की कामगाराची भाषा कामापुरती राहते, तर विद्यार्थी ग्रंथालय, प्राध्यापक आणि समवयस्क मित्र यांच्यात वावरतो. अनुवाद, अध्यापन, संशोधन किंवा कंपनीतल्या जबाबदारीच्या जागा हव्या असतील तर पाया विद्यापीठीय हवा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. खरा धोका आहे तो दोन वाटांची गल्लत होण्यात. विद्यार्थी व्हिसावर जाऊन कमाईची आशा धरणाऱ्याला २८ तासांची मर्यादा आडवी येते आणि कामाच्या व्हिसावर जाऊन पदवीची स्वप्नं पाहणाऱ्याला वेळ मिळत नाही. आईवडिलांनी सही करण्यापूर्वी व्हिसा कोणता आहे, एवढं तरी नक्की विचारावं.

६. यवतमाळचा हिशेब

वरचा सगळा वाद मुळात निवडीची संधी असलेल्यांचा आहे. यवतमाळच्या विद्यार्थ्यापुढे निवडीआधीच चार अडसर उभे राहतात.

पहिला अडसर पात्रतेचा. सरकारी शिष्यवृत्तीचा एक वर्षाचा गट जपानी हाच मुख्य विषय घेतलेल्यांसाठी आहे. पुसद किंवा यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली, अमोलकचंद किंवा फुलसिंग नाईक महाविद्यालयातली हुशार मुलगी स्वतःच्या जिद्दीने एन३ झाली, तरी या गटात तिला अर्ज करता येत नाही. जपानीची पदवी घ्यायची तर बहुधा पुणे गाठायचं. ते सुमारे सहाशे किलोमीटर दूर, म्हणजे ट्रॅव्हल्सची अख्खी रात्र किंवा धामणगाव नाहीतर बडनेऱ्याहून रेल्वे. म्हणजे जपानला जाण्याआधी पुण्यात खोली, मेस आणि क्लास यांचा तीन वर्षांचा खर्च आलाच.

दुसरा अडसर पैशाच्या हंगामाचा. जपानमध्ये सत्रं एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. ऑक्टोबरला जायचं तर तिकीट, वसतिगृहाची अनामत आणि खात्यावरची शिल्लक या सगळ्याची सोय उन्हाळा ते पोळा या काळात करावी लागते. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात नेमक्या त्याच महिन्यांत पैसा बियाण्यात, खतात आणि फवारणीत अडकलेला असतो. कापूस घरात येतो तो दसरा-दिवाळीनंतर. शिवाय खर्च कोण करणार याचा पुरावा द्यावा लागतो. नोकरदाराकडे पगारपत्रक असतं, शेतकऱ्याकडे सातबारा आणि तहसीलदारांचा दाखला असतो. तोही अनुवाद करून जोडावा लागतो.

तिसरा अडसर योजनांच्या चौकटीचा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांत पदव्युत्तर किंवा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहे. तोक्यो आणि क्योतो विद्यापीठं त्या यादीत बसतात. पण पदवीच्या मधलं एक वर्ष भाषेसाठी घालवणारा विद्यार्थी त्या चौकटीत बसत नाही.

चौथा अडसर मनातला. घरच्यांची काळजी बहुधा मुलीच्या सुरक्षिततेची आणि जेवणाची असते. जपान हा कमी गुन्ह्यांच्या देशांपैकी एक मानला जातो आणि तोक्योत मराठी मंडळही आहे. शाकाहारी विद्यार्थ्याला मात्र स्वतः स्वयंपाक करायची तयारी ठेवावी लागते, कारण भाजीच्या पदार्थातही बहुधा माशाचा अर्क असतो.

या अडसरांपुढे एक आश्वासक उदाहरण मराठवाड्यातलं आहे. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना कोणती परकीय भाषा शिकायची ते विचारलं गेलं. रोबोटिक्स आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने अनेकांनी जपानी निवडली आणि इंटरनेटवरून त्यांचे वर्ग सुरू झाले. २०२० मध्ये त्याची बातमी देशभर गेली. गाव लहान असणं हा जपानी न शिकण्याचा मुद्दा होऊ शकत नाही, एवढं त्यातून सिद्ध झालं.

७. न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न क्रेडिटचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर शिकवायच्या परकीय भाषांत जपानीचं नाव आहे. क्रेडिट बँकेची व्यवस्था आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार परदेशी विद्यापीठाशी जोडून चालवलेल्या अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिकडे मिळवता येतात. पण त्यासाठी आधी दोन विद्यापीठांत करार हवा. करार नसलेल्या ठिकाणच्या विद्यार्थ्याचं वर्ष मोजलं जाण्याची हमी कोण देणार, हे मोकळंच राहतं.

दुसरा प्रश्न ऑनलाइन देवाणघेवाणीचा. कोविडच्या काळात जपानने सीमा बंद ठेवल्या. मार्च २०२२ मध्ये त्या विद्यार्थ्यांसाठी उघडेपर्यंत अनेकांनी जपानी विद्यापीठांचे तास घरूनच केले. त्यातून कमी खर्चाची वाट सापडली, असं काही जण मानतात. इतरांच्या मते तो प्रवेशाचा उंबरठा होऊ शकतो, मुक्कामाची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा प्रश्न यांत्रिक अनुवादाचा. सामान्य पत्रव्यवहार आणि सूचना यंत्र भाषांतरित करू लागलं आहे. त्यामुळे दुभाष्याची मागणी घटेल, की नेमकेपणा आणि जबाबदारी सांभाळणाऱ्या माणसाची किंमत वाढेल, यावर व्यवसायातच दोन मतं आहेत.

चौथा प्रश्न परतण्याचा. गेलेला विद्यार्थी पुण्यात किंवा तोक्योतच राहिला, तर जिल्ह्याला शिक्षक कुठून मिळणार? जिल्ह्यातला माणूस शिकून बाहेर राहिला, ही तक्रार विदर्भात प्रत्येक विद्याशाखेबद्दल आहे. जपानीला त्यातून सूट नाही.

८. आजचा निष्कर्ष

सगळ्या बाजू तपासल्यावर तीन गोष्टी बऱ्यापैकी निश्चित म्हणता येतात. जपानमधलं एक वर्ष भाषेला उंची देतं, पण इथे पाया घालून गेलेल्यालाच. अभ्यासाची वाट आणि मजुरीची वाट दोन्ही प्रामाणिक आहेत, फक्त त्या वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच ठेवाव्यात. आणि यवतमाळच्या विद्यार्थ्याची अडचण बुद्धीची नाही, सोयीची आहे.

म्हणून पहिली अपेक्षा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडून आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांकडून. एखाद्या जपानी विद्यापीठाशी करार करावा, जपानी हा क्रेडिट असलेला ऐच्छिक विषय करावा आणि परतलेल्या विद्यार्थ्याच्या वर्षाचा हिशेब आधीच ठरवून द्यावा. नागपूर-कामठीच्या विहारांमुळे जपानशी असलेला जिव्हाळा या कामी नक्कीच उपयोगी पडू शकतो. दुसरी अपेक्षा राज्य सरकारकडून. परदेश शिष्यवृत्तीत एका वर्षाच्या भाषाशिक्षणासाठी थोड्या जागा ठेवल्या, तर शेतकरी कुटुंबातल्या मुलांचा मोठा अडसर दूर होईल.

आणि विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच: करार होण्याची वाट पाहू नका, एन५ पासून आजच सुरुवात करा. जुलै आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा परीक्षा असते. एन३ हाती असेल, तर दार उघडेल तेव्हा तुमचं नाव आधी विचारात घेतलं जाईल.